आशीर्वाद झाल्यावर पाणी

मुरुड गाव जिथं संपतं तिथं, बार्शी रोडच्या कडेला, एक पत्र्याचं चर्च होतं आणि ते सरजाबाईच्या जिवावर चालायचं. हे वाक्य मास्तरांना मुळीच आवडलं नसतं. मंडळीचे पंच ते होते, हजेरीची वही त्यांच्या कपाटात असायची, आणि पाळकसाहेब लातूरहून महिन्यातून एकदाच येत असल्यामुळे बाकीच्या रविवारी उपासना तेच चालवायचे. पण कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून घंटा द्यायची सरजाबाईनं, सतरंज्या झटकायच्या तिनं, कोण आलं नाही ते ध्यानात ठेवायचं तिनं, आणि संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहून ‘कामून आला न्हाईत?’ असं विचारायचंही तिनंच. तिला चुकवायला लोक मागच्या दारानं बाहेर पडायचे. ती मागच्या दाराशीच उभी असायची.

अकरा घरांची मंडळी. बऱ्यापैकी रविवार असला तर चौतीस माणसं, लेकरं धरून. एवढी जमवायला तिला चौदा वर्षं लागली होती. तिची रीत साधी होती. कुणाकडे बाळंतपण असो की मयत, न बोलावता जायचं, पदर खोचायचा आणि पडेल ते काम करायचं. देवाचं नाव काढायची घाई करायची नाही. रस्त्यापलीकडे गुरुबसप्पाचं किराणा दुकान होतं. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या, तेव्हा सरजाबाई दोन महिने रोज जाऊन त्या पुसत होती. म्हातारी गेली, पण तेव्हापासून गुरुबसप्पाची बायको गौरम्मा तिला ओट्यावर बसवून चहा द्यायला लागली. कप वेगळा असायचा. पिऊन झाला की सरजाबाई तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायची. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

चर्चच्या आवारातला आड तिच्या बापानं खोदलेला. बहात्तरच्या दुष्काळात. दगडोबा आड खोदणारा माणूस, त्याला मुलगा नव्हता, म्हणून सरजा दहा वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर उतरायची. लग्न झाल्यावर नवराही त्याच कामात आला. दुष्काळाच्या कामासाठी तेव्हा इथंच मुक्कामाला असलेले पाळक रोज दुपारी खोदकामावर यायचे, मातीत मांडी घालायचे आणि यांच्या फडक्यातली भाकरी मोडून खायचे. तोवर यांची भाकरी कुणी अशी मोडली नव्हती. आडाला पाणी लागलं आणि त्याच वर्षी दगडोबाच्या घरानं बाप्तिस्मा घेतला. पुढं दगडोबा गेला. मग नवरा तापानं गेला, तो गुरुवारी. लातूरला निरोप पोचून पाळक येईपर्यंत शनिवार उजाडला असता, उन्हाळ्याचे दिवस, मयत ठेवणार कसं? मास्तरांनीच प्रार्थना म्हटली आणि माती दिली. मास्तरांनी मनापासून म्हटली होती. तरीही आपला माणूस पाळकाच्या शब्दांवाचून गेला, हे सरजाबाईच्या मनातून कधी गेलं नाही. मंडळीनं तिला आवारातली एक खोली राहायला दिली, आणि त्या खोलीत बसून ती तेव्हापासून एकच मागणं मागत होती: मुरुडला कायमचा पाळक मिळू दे.

मागणं पूर्ण व्हायची वेळ आली ती शहाऐंशीच्या उन्हाळ्यात.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. जिल्हा नवा म्हणून रस्ते नवे, आणि त्यात पावसानं दगा दिलेला, म्हणून रोजगार हमीची खडी फोडायला कुठून कुठून माणसं आली होती. बार्शी रोडला चर्चच्या समोरच चाळीस-एक पालं पडली. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि गावातच रिता व्हायचा. मुरुडातले आड एकामागून एक तळाला गेले. चर्चचा आड चाळीस हात खोल, त्यात झरा जिवंत होता, पण करंगळीएवढा. पोहरा सोडला की नुसता गाळ वर यायचा.

तेव्हा पन्नाशीची सरजाबाई कासोटा घालून आडात उतरली. झऱ्यापाशी बसायचं, जर्मनच्या वाडग्यानं पाणी टिपायचं, पोहऱ्यात भरायचं आणि दोर हलवायचा, वरच्यांनी ओढायचं. कमरेला दुसरा दोर. तो वर कुणीतरी धरून बसायचं, ही दगडोबाची शिकवण. दुसरी शिकवण अशी की आडात खडे पडायला लागले तर कुठून पडतात ते बघत बसायचं नाही, वर यायचं. आडाला अर्ध्यापर्यंत दगडाचं बांधकाम होतं, खाली नुसता मुरूम, आणि उगवतीच्या बाजूला त्या मुरमाला एक भेग गेलेली तिला दिसत होती.

या उतरण्यानं एक जुनी गोष्ट मोडली. इतकी वर्षं गौरम्मा उजाडायच्या आधी यायची, आपला दोर आणि आपला पोहरा घेऊन, राखेनं कप्पी घासायची आणि मग पाणी शेंदायची. आता ते चालणार नव्हतं. तळाशी माणूस एक, वाडगा एक, पोहरा एक. सगळ्यांचं पाणी सरजाबाईच्याच हातून वर येणार. पहिल्या दिवशी गौरम्मा रिकामी कळशी घेऊन बराच वेळ उभी राहिली, मग पाणी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. सरजाबाईला वाटलं, चला, हेही मार्गी लागलं.

आणि नेमकी इथंच तिची बुद्धी फिरली. पालांवरच्या बायका, गावातल्या बायका, रोज शंभरावर भांडी लागायला लागली. तेवढं पाणी नव्हतं. नंबर कसा लावायचा यावर रोज झोंबाझोंबी. मास्तर म्हणाले, आधी आपली अकरा घरं, उरलं तर बाकीच्यांना. ते सरजाबाईला पटेना. तिनं डोकं चालवलं.

“मास्तर, रविवारी सगळ्यांना सारखंच देऊ. पण उपासनेला बसतील त्यांना. तेवढीच दोन भजनं कानावर पडतील. कुनाचं काय बिघडतंय?”

रविवारच्या शाळेतल्या लेकरांना हजेरीबद्दल द्यायची रंगीत कार्डं तिच्या पेटीत गठ्ठ्यानं पडून होती. त्यावर मेंढराचं चित्र. उपासनेला शेवटपर्यंत बसतील त्यांना आशीर्वाद झाल्यावर घरटी एक कार्ड द्यायचं. कार्ड दाखवलं की दोन घागरी तेव्हाच, आणि आठवडाभर रोज एक. मास्तर खूश झाले. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचंच त्यांना वाईट वाटलं.

पहिल्याच रविवारी सतरंज्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी लोक दाराबाहेर उन्हात बसले. मास्तरांनी दोनदा मोजून वहीत लिहिलं: एकशे सत्तेचाळीस. सरजाबाई दाराशी उभी राहून ते डोक्यांचं शेत बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. चौदा वर्षं ज्यांच्या मागच्या दारांशी उभी राहिली, ते सगळे समोरच्या दारानं आत आले होते. कशासाठी आले होते हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाला हवं ते दिसायला लागलं की बाकीचं दिसेनासं होतं, आणि सरजाबाई काही जगावेगळी नव्हती.

गौरम्मा मात्र यायची थांबली. सरजाबाई विचारायला गेली, तर ओट्यावर चहा आला नाही.

“अक्का, पाण्याचं काय करायलाव?”

“मालक मोटारीवाल्याकडनं पाण्याचा एक डबा इकत आणतेत, त्याच्यात भागवायलो.” गौरम्मा गहू निवडत राहिली. “सरजे, मेंढराचं चित्र घेऊन पाणी पिण्याइतकी तहान मला अजून लागली न्हाई.”

सरजाबाई तोंड पाडून परत आली. मनात म्हणाली, गर्व आहे बाईला.

गावात कुजबुज सुरू झाली होती. स्टँडवर चार जण जमले की चर्चवाल्यांचा विषय निघायचा. एका संध्याकाळी पोलीस पाटील येऊन मास्तरांच्या बाजेवर बसले. पाण्यासाठी धर्म विचारता म्हणे, असं त्यांनी सरळच विचारलं. मास्तर म्हणाले, आम्ही कुणाला काही विचारत नाही, बसा एवढंच म्हणतो. पाटील उठताना म्हणाले, “मास्तर, तहानलेल्या माणसाला बसा म्हणलं काय आन् वाका म्हणलं काय. जरा जपून.” त्या दिवसापासून रस्त्यानं मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तरी सरजाबाई दारापाशी येऊन बघायची.

अशातच लातूरहून पत्र आलं. जिल्हा नवा झाला तशी मंडळ्यांचीही नवी मांडणी होणार होती. कायमचा पाळक एकाच ठिकाणी देता येईल: औसा नाहीतर मुरुड. मेच्या शेवटच्या रविवारी सगळ्या पाळकांच्या वरचे मोठे साहेब मुरुडला येऊन उपासना बघतील आणि ठरवतील. मास्तरांनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. औशाला साठेक माणसं बसत होती. मुरुडला दीडशे. सरजाबाईनं त्या रात्री गुडघ्यावर बसून मागणं मागितलं नाही, नुसते आभार मानले.

साहेब यायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांची पाळी होती. चर्च खच्चून भरलेलं बघून त्यांनाही अंगात बळ आलं. तहान या विषयावर ते बोलायला लागले आणि थांबेचनात.

घंटेच्या आधी पालांवरची सिंधु सरजाबाईकडे आली होती. देगलूरकडची पोरगी, विशी-बाविशीची, सातवा महिना. नवरा व्यंकटी खडीवर. हातात रिकामी घागर.

“बाई, घोटभर पाणी द्या की. सकाळधरनं तोंडात काय न्हाई.”

सरजाबाईच्या शेजारीच दोन टिपाडं भरून ठेवलेली होती, वर ओलं पोतं झाकलेलं. पहाटेपासून तिनंच भरली होती. पण मागं पंचवीस बायका उभ्या होत्या, सगळ्यांच्या नजरा पोत्यावर. एकीला दिलं की सगळ्या मागणार.

“आता घंटा देतेच बघ. आशीर्वाद झाला की पहिला नंबर तुझा,” ती म्हणाली, आणि वर मायेनं तिच्या पाठीवरून हातही फिरवला.

पत्र्याखाली दोन तास झाले. सिंधु मधोमध बसली होती, घागर मांडीत घेऊन, कपाळ घागरीच्या काठाला टेकवून. सरजाबाईला वाटलं, प्रार्थना करतेय. मग घागर लवंडली आणि घरंगळत पाळकसाहेबांच्या पायापर्यंत गेली. सिंधु ज्या अंगाला कलली होती त्याच अंगाला पडून राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सरजाबाई टिपाडाकडे धावली, पोतं फेकलं, तांब्या बुडवला. त्या तेवढ्या दहा पावलांत तिला पहिल्यांदा कळलं की आपण काय करून बसलोय. खडीच्या ट्रकात घालून सिंधुला दवाखान्यात नेलं. डॉक्टर संध्याकाळपर्यंत काही सांगेनात. सरजाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. व्यंकटी समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आरडाओरडा करावा, दोन शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं. तो खाली बघत म्हणाला,

“बाई, आमी बसलो की. तुमी सांगितलं तितकं बसलो.”

दिवे लागायच्या सुमारास आतून निरोप आला की बाळाची धडधड लागतेय, आईही शुद्धीवर आहे. व्यंकटी आत धावला. सरजाबाई उठली ती तडक मास्तरांच्या घरी गेली.

“मास्तर, कार्डं बंद.”

मास्तरांनाही धक्का बसलाच होता. ते म्हणाले, “बंदच करू. पण एवढा एक रविवार जाऊ दे. साहेब येऊन बघून जातील. मग खुशाल कर तुला काय करायचं ते. आजारी, गरवार बाया आधी पाजू, हवं तर. एकच रविवार, सरजाबाई. पाळक तुलाच पाहिजे होता ना?”

मास्तरांचं म्हणणं तिला पटत होतं. एकच रविवार. पुढं पाळक आला की सगळ्यांचीच सोय, लग्नं, मरणं, लेकरांची शाळा. एका रविवारानं कुणाचं काय बिघडतंय? हेच वाक्य ती आधी कधी बोलली होती ते आठवलं आणि ती तशीच मास्तरांच्या दारातून निघाली.

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी तिनं एक कळशी भरली आणि रस्ता ओलांडून गौरम्माच्या ओट्यावर नेऊन ठेवली. गौरम्माचे ओठ फुटले होते. डब्यातलं पाणी दोन लेकरांना आणि सासऱ्याला जात होतं, हे तिनं न सांगताही दिसत होतं.

“घ्या, अक्का. कार्ड नको न् काय नको.”

“मला एकलीला?”

“हाव.”

“आन् त्या पालावरच्या बायांना?”

सरजाबाईनं कळशीवरचं फडकं सारखं केलं.

“घेऊन जा,” गौरम्मा म्हणाली. “तुझ्या हातचं पाणी मी पिले, सरजे. माझ्या घरात तेवढ्यावरनं बोलणी खाल्ली. का पिले? तू माझ्या सासूचं उष्टंखरकटं काढलंस, तेव्हा तू मला तुझ्या देवाचं कायबी विचारलं न्हाईस. म्हणून पिले.”

एवढं बोलून ती आत गेली. सरजाबाई कळशी उचलून परतली. रस्त्यात ती रडली, आणि रडणं आलं ते गौरम्माच्या बोलण्याचं नाही. पाळक हातचा जाणार हे तिला तिथंच कळून चुकलं होतं, आणि तिला पाळक खरोखरच हवा होता.

रविवारी तांबडं फुटताना तिनं चूल पेटवली आणि कार्डांचा गठ्ठा तिच्यात घातला. चकचकीत कागद, हिरवट जाळ निघाला. त्याच जाळावर तिनं कोरा चहा केला, प्यायला, आणि पालांवर जाऊन व्यंकटीला उठवलं. पोहऱ्याचा दोर त्याच्या हातात दिला. कमरेचा दोर धरायला कुणी नव्हतं. मंडळीतल्या बाया साहेबांसाठी स्वयंपाकाला लागल्या होत्या. तिनं तो कडुलिंबाच्या बुंध्याला बांधला.

“जे येईल त्याला भर,” ती म्हणाली. “कार्ड न्हाई, बसणं न्हाई. ज्याचं भांडं पुढं त्याला आधी.” आणि ती उतरली.

खाली बसलं की वरचं जग ताटाएवढं दिसतं. त्या ताटात माणसांची डोकी येत होती, जात होती. वर बातमी पसरलेली तिला आवाजावरून कळत होती. मग मास्तरांचा आवाज आला, काठावरूनच, दबका आणि रागाचा. “सरजाबाई, साहेब पोचलेत. वर ये. चर्चमध्ये कुणी नाही. ऐकतेस का?” तिनं ऐकलं. वाडगा झऱ्याला लावला, भरला, पोहऱ्यात ओतला. थोड्या वेळानं घंटा झाली. ती मास्तरांनीच दिली असणार; त्यांचा हात हलका पडतो.

मग भजन सुरू झालं. गेली चौदा वर्षं ती दारापाठी उभी राहून आवाजावरून माणसं मोजत आली होती. तळाशी बसून तिला मोजायची इच्छा नव्हती, पण कान ऐकेनात. तीस माणसांच्या आतच. एवढ्या मोठ्या पत्र्याखाली ते आवाज रिकाम्या डब्यात खडे वाजावेत तसे येत होते. तिनं पदर तोंडात धरला आणि वाडगा भरत राहिली.

पाठीमागं पाण्यात एक खडा पडला. डुब. मग दुसरा.

बापाचं सांगणं तिला आठवलं. तिनं वर यायला कमरेच्या दोराला हात घातला, आणि तेवढ्यात वरून ओळखीचा आवाज आला.

“बसायचं असतंय का रे आधी?” गौरम्मा विचारत होती.

“न्हाई, अक्का. भांडं ठेवा,” व्यंकटी म्हणाला.

“कार्ड?”

“जाळले म्हणं बाईनं.”

कळशी दगडावर टेकल्याचा आवाज आला. सरजाबाईनं दोर सोडला आणि वाडगा उचलला. हा एक पोहरा भरते आणि जाते, असं तिनं ठरवलं. पोहरा भरला, तिनं दोर हलवला, तो वर निघाला, आणि उगवतीची भेग उघडली.

मुरमाचा एक लोट तिच्या खांद्यावर आला आणि ती बसल्या जागी कमरेपर्यंत गाडली गेली. डावा हात उचलेना. ताटाएवढं आभाळ धुळीनं दिसेनासं झालं. वरून अजून खडे येत होते.

“बाई!” व्यंकटी ओरडला. कडुलिंबाचा दोर त्यानं ताणला, पण एकट्यानं हलेना. “धरा कुनीतरी!” रांगेतल्या बाया मागं सरकल्या होत्या, काठच खचतोय असं त्यांना वाटलं. गौरम्मा पुढं आली. तिनं तो चर्चचा दोर दोन्ही हातांना वेढा देऊन धरला, पाय काठाच्या दगडाला रोवले आणि मागं झुकली. खाली सरजाबाईला दोर कमरेत रुतलेला कळला. ती एका हातानं मुरूम उपसत होती. तिला श्वास घेता येत नव्हता. मरण आलं तर पाळकाचे शब्द म्हणायला आत्ता साहेब इथंच आहेत, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली.

भजन मधेच थांबलं. आधी मास्तरांची बायको धावली, मग सगळीच मंडळी. मोठे साहेबही आले, पांढऱ्या झग्यासकट, आणि त्यांनीही दोराला हात लावला. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला पाय सुटले. सरजाबाई काठावर आली तेव्हा खांदा निखळलेला, तोंड मातीनं भरलेलं. गौरम्मानं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. मग कळशीतलं पाणी ओंजळीनं तिला पाजलं आणि त्याच ओंजळीनं स्वतः प्याली. तिच्या तळहाताची सालं निघाली होती, पाणी लालसर दिसत होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. निघताना ते सरजाबाईच्या बाजेपाशी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पण मास्तरांच्या वहीत त्या दिवशीचा आकडा एकोणतीस होता, आणि औशाला साठ. “माणूस एकच आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. पाळक औशाला गेला.

मास्तर तिच्याशी शनिवारपर्यंत बोलले नाहीत. शनिवारी बोलले ते खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून.

“चौदा वर्षांचं एका सकाळी घालवलंस. बरं, ते गेलं. आता उद्याचं सांग. ढासळलेला मुरूम उपसून व्यंकटी आडात उतरतोय, रांग सकाळी लागते आणि दहापर्यंत झरा आटतो. जो जाग्यावर नाही त्याचा नंबर जातो. मग आपल्या अकरा घरांनी उद्या उपासनेला बसायचं का पाण्याला उभं राहायचं?”

हात गळ्यात बांधलेला, ती बाजेवर उठून बसली. इतरांना तिनं जे निवडायला लावलं होतं तेच आता तिच्या माणसांपुढं आलं होतं.

रविवारी घंटा झाली. अकरा घरांनी आपापली भांडी रांगेत ठेवली, त्यांच्याकडे एकदा मागं वळून बघितलं, आणि आत आली. सगळीच आली. सरजाबाईला त्याचंच नवल वाटलं. उपासनेत कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेर कप्पी करकरायची आणि आत प्रत्येक बाई मनात म्हणायची, गेली एक घागर. मास्तरांनी उपदेश थोडक्यात आटोपला. आशीर्वाद मात्र पूर्ण म्हटला, एक शब्द न गाळता. घरी गेल्यावर प्यायला पाणी नाही हे त्यांनाही माहीत होतं.

दार उघडलं. चर्चच्या पायरीवर, सावलीत, भांडी ओळीनं मांडलेली होती. सरजाबाईला प्रत्येक भांडं कुणाचं ते ओळखू येत होतं. अकराच्या अकरा घरांची, काठोकाठ भरलेली, वर ओलं फडकं. मास्तरांची पितळी घागर सगळ्यात पुढं.

आडावर गौरम्मा कप्पीपाशी उभी होती, हातांना चिंध्या गुंडाळून. रांगेत अजून वीसेक भांडी रिकामी होती, पालांवरची. सिंधु सावलीला बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत होती.

“तुमचं चालू होतं आत,” गौरम्मा म्हणाली. “मंग नंबर कशाला घालवायचा?”

मास्तरांच्या हातात वही होती. ते तिच्याकडे बघत होते, आडाकडे बघत होते, पायरीवरच्या घागरींकडे बघत होते. मग आठवडाभर तोंड फिरवून असलेला तो माणूस सरजाबाईकडे वळला.

“सरजाबाई,” ते म्हणाले, “आज हजेरी किती लिहू?”

“मला कुठं लिहिता येतंय, मास्तर,” ती म्हणाली. “आधी पाणी प्या.”